मज्जा एकच, रिपोर्ट दोन

शिरोळ तालुक्यात कॅन्सरचा विषय निघाला की बोलणं पंचगंगेच्या पाण्यावर आणि उसावरच्या फवारणीवर येऊन थांबतं. ती शंका रास्त आहे. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतल्या कीटकनाशकं फवारणाऱ्या पुरुषांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या रक्तात 'एमजीयूएस' ही स्थिती इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळली. मल्टिपल मायलोमा या मज्जेच्या कॅन्सरची ती आधीची पायरी आहे. अशा शंभर जणांपैकी साधारण एकाला दरवर्षी मायलोमा किंवा त्याच जातीचा आजार होतो, बाकीचे तसेच जगतात. आपल्या शिवाराला हे आकडे जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे मोजायचं ठरवलं तर मोजण्याचं माप तरी एक आहे का?

मायलोमात मज्जेतल्या प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात. पाठ दुखते, रक्त कमी होतं, किडनी खराब होते. उसाच्या फडात राबणारा माणूस पाठदुखीसाठी डॉक्टरकडे जातोच कशाला? मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणतो आणि आधीच धोक्यात असलेल्या किडनीवर आणखी भार टाकतो. मिरज-कोल्हापूरला पोचेपर्यंत महिने उलटलेले असतात.

मग सुईने मज्जा काढून फ्लो सायटोमेट्री करायला सांगतात. पेशींना चमकणारी रसायनं चिकटवून त्यांना एकेक करून लेझरसमोरून नेतात. प्लाझ्मा पेशी सीडी ३८ आणि सीडी १३८ या खुणांवरून ओळखतात, त्यातल्या बिघडलेल्या कोणत्या ते सीडी १९, सीडी ५६ वगैरे खुणांवरून. यंत्र महागडं आहे म्हणून उत्तर अचूकच येणार, असा आपला समज असतो.

तसं होत नाही. सुईने पहिल्यांदा ओढलेल्या मज्जेत पेशी भरपूर असतात, पुढच्या ओढीत रक्त मिसळत जातं. पहिली ओढ बहुधा काचपट्टीसाठी जाते आणि फ्लोच्या वाट्याला उरलेली येते. नमुना शनिवारी जयसिंगपुरात घेतला आणि सोमवारी मुंबईत उघडला, तर तोवर सीडी १३८ ची खूण फिकी पडू लागते. कुठे चार रंगांत तपासतात, कुठे आठ. कुणी २ लाख पेशी पाहून 'आजार उरलेला नाही' असं लिहितो, कुणी ५० लाख पाहून. कागदावर दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात.

आमच्या ओळखीतल्या एका चाचांचे असेच दोन रिपोर्ट आले. एका लॅबमध्ये प्लाझ्मा पेशी ४ टक्के, दुसरीत १८. मायलोमाच्या निदानासाठी १० टक्क्यांची रेषा महत्त्वाची, आणि ती मुळात सूक्ष्मदर्शकाखालच्या मोजणीची. फ्लोमध्ये आकडा बहुतेक वेळा कमी येतो. हे त्या घराला कुणी सांगितलं नव्हतं. मज्जा पुन्हा काढली, पैसे पुन्हा गेले. पैसे जमातीने जकातीतून गोळा केलेले होते.

यावरचं उत्तर जगाला माहीत आहे. युरोपच्या मायलोमा तज्ज्ञांनी २००८ साली कोणत्या खुणा तपासायच्याच, हे ठरवलं. त्याच वर्षी मुंबईत आपल्या देशातल्या तज्ज्ञांची रक्ताच्या कॅन्सरांच्या फ्लो तपासणीवर राष्ट्रीय बैठक झाली. युरोफ्लो या गटाने २०१७ मध्ये दोन नळ्या, आठ रंग आणि किमान १ कोटी पेशी अशी पद्धत मायलोमासाठी छापून दिली. एप्रिल २०२४ मध्ये तर अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने, उपचारानंतर मज्जेत आजार किती उरला यावरून मायलोमाची नवी औषधं जोखायला १२ विरुद्ध ० मतांनी कौल दिला. म्हणजे ज्या चाचणीवर जगात औषधांचं भवितव्य ठरणार, ती आपल्याकडे ज्या त्या लॅबच्या मर्जीवर. दर्जाचं एनएबीएल प्रमाणपत्र घेणंसुद्धा ऐच्छिकच आहे.

खर्च वाढेल, लहान लॅब बंद पडतील, असं डॉक्टर मंडळी म्हणतात. आठ रंगांचं यंत्र तालुक्याला मागणं हा हट्टच होईल, तो मी धरत नाही. पण रिपोर्टवर कोणत्या खुणा तपासल्या, किती पेशी पाहिल्या, नमुन्यात रक्त मिसळलं होतं का आणि आजार किती बारीक असला तरी दिसला असता, या चार ओळी छापायला यंत्र लागत नाही. पहिल्या ओढीतला थोडा भाग फ्लोसाठी ठेवायलाही नाही.

शिरोळच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन कमी भरतं म्हणून बाहेरच्या काट्यावर गाडी घालणारा हा तालुका आहे. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत काटामारीवर भाषणं होतात, लोक टाळ्या वाजवतात. लॅबच्या काट्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. कॅन्सरसाठी मोर्चा निघेल तेव्हा निवेदनात हॉस्पिटलच्या मागणीखाली आणखी एक मागणी हवी: सरकारी योजनेचे पैसे त्याच लॅबला मिळावेत, जी दरवर्षी बाहेरून आलेला अनोळखी नमुना तपासून आपलं उत्तर इतरांशी जुळवून दाखवते.