मेळघाट राखायचा कोणी?

मेळघाट म्हणजे सातपुड्याच्या गाविलगड रांगेतले सागाचे रान. इंग्रज अमदानीत ते राखीव झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारा कोरकू आदिवासी सरकारी जंगलातला रहिवासी ठरला. १९७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाटची गणना झाली.

या रानात दोन मोठे किल्ले आहेत: चिखलदऱ्याजवळचा गाविलगड आणि अकोटकडचा नरनाळा. तट पुरातत्त्व खात्याचा, झाडे वन खात्याची. कोरकूंनी पूर्वजांच्या नावाने उभारलेले, सूर्य-चंद्र कोरलेले लाकडी खांब मात्र कोणाच्याच यादीत सहसा सापडत नाहीत. दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारात गुराखी बासरी वाजवत नाचतात, तो घुंगरू बाजारही याच वारशातला. खात्यांना तो वारसा वाटत नाही, एवढेच.

हे रान राखताना वाघासाठी गावे हलवण्याचा मार्ग आधी निवडला गेला. बोरी, कोहा, कुंड ही गावे अकोटच्या सपाटीवर आली. पुढे आणखी काही गावे उठली. नव्या जागी कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत म्हणून काही कुटुंबे परत जंगलात गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा वन कर्मचाऱ्यांशी संघर्ष झाला.

अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरची गोष्ट वेगळी. हे गाव मेळघाटच्या पायथ्याशी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या परिसरातले जंगल राखण्याचा, वापरण्याचा सामूहिक हक्क दिला. पायविहीरला तो २०१२ मध्ये मिळाला. उजाड टेकड्यांवर गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लावली, रोजगार हमीतून माती-पाण्याची कामे केली. ऐन दिवाळीच्या सुमारास पिकणारे रानातले सीताफळ पूर्वी व्यापारी मातीमोलाने उचलत. ग्रामसभेने ते निवडून, खोक्यांत भरून ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने थेट मुंबईला पाठवले. कामासाठी बाहेर जाणे कमी झाले. २०१४ चा भारत जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला.

हे उदाहरण व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातले नाही, आणि तिथले नियम कडकच हवेत. पण किल्ल्यांच्या बाबतीत गावाला सहभाग देण्यात अडचण कसली? गावकऱ्यांना वर्षातून एकदा श्रमदानाला बोलावणे म्हणजे सहभाग नव्हे. किल्ल्यावरच्या टाक्यांतला गाळ काढण्याची मजुरी, वाटाड्याचे काम, प्रवेशशुल्कातला वाटा आणि किल्ल्याविषयीच्या बैठकीत मत एवढे तरी ग्रामसभेकडे गेले पाहिजे. तोवर दिवाळीच्या सुट्टीत नरनाळ्यावर जाणाऱ्यांनी पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्यावा आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.