घर कुणाचे, उंबरा कुणाचा?

आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. घरमालक आमच्याच मोहल्ल्यातले, पाच वक्तांचे नमाजी. दुसरी चावी मात्र त्यांच्या खिशात. आम्ही शाळेत असताना ते सरळ दार उघडून आत आले. घरात बायको एकटी होती. जाब विचारला तर म्हणाले, "सर, घर तो मेराच है."

भिंती तुमच्या, कबूल. आतला संसार आमचा आहे. परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नये, हा सूरह नूरच्या २७व्या आयतीतला हुकूम आम्ही मुलांना शिकवतो. त्यातून भाडेकरूचे घर वगळलेले नाही.

कायदाही वेगळे सांगत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ नुसार मालक घर पाहू शकतो, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

मग आम्ही गप्प का? कारण दुसऱ्या वस्तीत आमचे नाव ऐकताच रिकामी खोली 'आधीच दिलेली' असते. मालकाला हे ठाऊक आहे. परक्यांनी बंद केलेल्या दारांचा फायदा आपलाच माणूस उठवतो. त्या परक्यांविरुद्ध आम्ही सभा घेतो आणि मालकाच्या वागण्यावर 'आपसातला मामला' म्हणून पांघरूण घालतो. हे ढोंग पुरे झाले.

भाडेकरूंनो, करार लेखी करा, त्याची नोंदणी करा, सूचनेची अट त्यात लिहून घ्या. मालकांनो, कडी वाजवा, सलाम करा आणि आतून "या" ऐकू येईपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबा.