खंजिरीचा कान

मोझरीच्या गुरुकुंजात खंजिरीवरचं भजन ऐकलेल्याला सूर वाकतो म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. पानावर बोटाचा दाब वाढला की नाद चढतो, सुटला की उतरतो. मधे एकही पायरी नाही. तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) याच छोट्या वाद्याच्या साथीने वऱ्हाडातली गावं जागवली. अमरावती-अकोल्याचा कान असा तयार झाला. आज त्याच कानापुढे, भजनात आणि ऑर्केस्ट्रात, ‘कॅसिओ’, म्हणजे विजेवरचा कीबोर्ड, मांडलेला असतो. कंपनी कोणतीही असो, आपण म्हणतो कॅसिओच.

असा कान आणि पट्ट्यांचं वाद्य यांच्या गाठीभेटीला जुना इतिहास आहे. सांगलीच्या कृ. ब. देवलांनी १९१० मध्ये सप्तकातल्या बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, मग क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या खटपटीने लंडनमध्ये श्रुती-हार्मोनियम घडली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वादळ उठलं. पुढे १९४० मध्ये रेडिओने हार्मोनियमच बंद केली आणि ही बंदी सुमारे तीस वर्षं टिकली. उपाय अन्यायाचा होता असं माझं ठाम मत आहे, पण तक्रार खरी होती: पट्टी बदलते, सूर घसरत नाही. मींड निघणार कुठून?

१९७० च्या मिनीमूग या सिंथेसायझरने हा प्रश्न सोडवला होता. तिथे सूर म्हणजे विजेचा दाब, एका सप्तकाला एक व्होल्ट. दाबाला पायऱ्या नसतात. खुंटी फिरेल तसा आवाज वाहतो. मात्र वादकाला जमवलेला आवाज उद्याही हवा असतो. यंत्राने तो लक्षात ठेवायचा तर खुंटीची जागा आकड्यात लिहावी लागते. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरने ते केलं. १९८३ मध्ये अशी यंत्रं एकमेकांना जोडणारं मिडी आलं आणि साध्या नियंत्रणाला ० ते १२७ एवढेच आकडे मिळाले. आवाजाची धार ठरवणारा दहा सप्तकांचा फिल्टर १२८ जागांत वाटला तर एकेक पायरी जवळजवळ अर्ध्या स्वराची होते! खुंटी सावकाश फिरवा, जिना चढल्यासारखी खरखर ऐकू येते. सूर वाकवण्याच्या चाकाला मात्र त्याच मिडीने १६,३८४ जागा दिल्या. कान कुठे पकडतो हे करणाऱ्यांना ठाऊक होतं.

१९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी मुंबईत रोलँडच्या यंत्रांवर राग वाजवले. त्यांतल्या टीबी-३०३ या बास-यंत्रातली सुराची घसरण ही कपॅसिटर हळूहळू भरण्यातून येते. निघण्याची आणि पोचण्याची जागा बारा स्वरांतलीच, वाट मात्र सलग. हार्मोनियमवरच्या आक्षेपाचं अर्धं उत्तर तिथे मिळालं होतं.

उरलेलं अर्धं हाताकडे आहे. सूर हलवणारी यंत्राची लहर एकसारखी हलते. गायकाचं आंदोलन श्वासागणिक बदलतं. २०२० च्या मिडी २.० मध्ये नियंत्रणाला ३२ बिटांची बारकाई आहे, म्हणून आकड्यांना दोष देऊन भागणार नाही. स्वस्त यंत्रांत ती बारकाई पोचत नाही, आणि गावोगावची मंडळं तीच घेतात.

अमरावती विद्यापीठ १९८३ चंच, मिडीच्या वयाचं. संगीत शिकवणाऱ्या त्याच्या महाविद्यालयांनी हा कान अभ्यासात घ्यावा. आणि मंडळाने कीबोर्ड घेताना गाणाऱ्याला दुकानात सोबत न्यावं. त्याने एक लांब सूर धरावा, दुसऱ्याने चाक अगदी सावकाश फिरवावं. पायरी ऐकू आली तर ते यंत्र तिथेच ठेवावं.