'गावात राहायचंय ना?'

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या किंवा दिवाळी जवळ आली की गावाच्या कौतुकाला ऊत येतो. पारावरच्या गप्पा, ओसरीवरचा चहा, एका घरची भाजी वाटीतून दुसऱ्या घरी जाणं, कुणाकडे मयत झाली तर आख्ख्या आळीनं चूल न पेटवणं. 'शहरात शेजारच्या दारामागं कोण राहतं हे माहीत नसतं, गावात मात्र माणूस माणसाला धरून आहे,' हे वाक्य आता आपल्यातली शिकली-सवरलेली, पुण्या-मुंबईत नोकरी करणारी पोरंही स्टेटसला ठेवू लागली आहेत. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

गावात आपुलकी नाही असं माझं म्हणणं नाही. आपुलकी आहे आणि भरपूर आहे. प्रश्न एवढाच आहे की ती कुठल्या घरापासून सुरू होते आणि कुठल्या घराशी येऊन थांबते.

शेजार म्हणजे भिंतीला भिंत. आता मराठवाड्यातलं, विदर्भातलं, पश्चिम महाराष्ट्रातलं कुठलंही जुनं गाव डोळ्यापुढं आणा. मारुतीचं देऊळ, चावडी, पाटलाचा वाडा, त्याभोवती भावकीची घरं, मग बलुतेदारांच्या आळ्या. आणि आपण कुठं? वेशीच्या बाहेर, ओढ्याच्या पलीकडं, गावाचं सांडपाणी जिकडं उतरतं तिकडं. आपल्या घराच्या भिंतीला कुणाची भिंत लागते ते मोजून बघा. आपल्याच माणसाची. 'गाव तिथं महारवाडा' ही म्हण मराठीत उगीच आली नाही. ती या नकाशातूनच आली आणि वर आपल्यालाच घाण ठरवून गेली.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. निर्णय चांगलाच होता. पण पाटी बदलली, जागा बदलली नाही. घरकुल मंजूर झालं तेही त्याच जागेवर. आणि पाटीवर 'समतानगर' लिहिलेलं असताना गावातली आई पोराला आजही सांगते, 'तिकडून येऊ नको, महारवाड्यातनं.' तेव्हा ज्या गावात आपली भिंतच कुणाच्या भिंतीला लागत नाही, तिथं शेजारधर्माच्या गप्पा ऐकताना आधी विचारावं, शेजार आहे कुठं?

आता बोलण्याकडं या. गावात कुणी कुणाला कसं बोलावतं हे एक दिवस फक्त कान उघडे ठेवून ऐका. पाटलाच्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला सगळं गाव 'तात्या' म्हणतं, 'आबा' म्हणतं. आपल्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला पाटलाचा वीस वर्षांचा नातू म्हणतो, 'काय रं, उद्या सोयाबीन काढायला येतो का?' म्हाताऱ्याचं नाव अर्धं तोडलेलं, वर 'रं', आणि क्रियापद एकेरी. म्हातारा उत्तर काय देतो? 'येतो की मालक.' वरून बघणाऱ्याला वाटतं, किती सलगी आहे! सलगी असती तर 'रं' दोन्हीकडून गेला असता. उद्या आपल्या नातवानं तात्याला 'काय रं, आज मजुरी देतो का?' असं विचारून बघावं, म्हणजे या सलगीची खरी किंमत कळेल.

भाषेतली ही उतरंड नवी नाही. एके काळी आपल्या आजा-पणज्याला वाकून 'जोहार' घालावा लागत होता. बाबासाहेबांनी खेड्यातल्या अलिखित कायद्याची जी यादी करून ठेवली आहे ती प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचली पाहिजे. अस्पृश्यानं स्वच्छ कपडे घालणं गुन्हा, घरावर कौलं घालणं गुन्हा, पोराला भारदस्त नाव ठेवणं गुन्हा, घोड्यावरून गावातून जाणं गुन्हा, सवर्णाला सलाम न करणं गुन्हा, आणि शुद्ध, सुसंस्कृत भाषेत बोलणं हासुद्धा गुन्हा. म्हणजे आपण काय बोलतो यावरच नव्हे, कसं बोलतो यावरही गावाचा पहारा होता. म्हणून कामठीच्या बाबू हरदासांनी 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द चळवळीत रुजवला, तेव्हा त्यांनी नुसता नमस्कार बदलला नाही. जोहारात मान खाली जाते. 'जय भीम' दोन माणसं एकमेकांच्या डोळ्यात बघून म्हणतात.

'पण आता तसं कुठं राहिलंय? चहा तर पाजतात की!' असं आपलेच काही लोक म्हणतात. पाजतात. पूर्वी आपली कपबशी गोठ्याच्या वळचणीला उपडी ठेवलेली असायची, पिणारानंच ती विसळून ठेवायची. आता कागदी कपानं गावाची मोठी अडचण सोडवली आहे. पाहुणा प्यायला, कप फेकला, विटाळाचा प्रश्नच मिटला! ज्या घरात भावकीला स्टीलच्या पेल्यात चहा आणि आपल्याला कागदी कपात, तिथं जात गेलेली नाही. तिनं फक्त भांडं बदललं आहे.

आणि गप्पांचे विषय? पाऊस, पिकाचा भाव, क्रिकेट, निवडणूक, यात्रेतला तमाशा, या सगळ्यावर आपल्याशी मनमोकळं बोललं जातं. खांद्यावर हात पडतो. 'आपल्या गावात जातपात नाही बघा,' हेही त्याच वेळी सांगितलं जातं. पण त्याच गप्पांत एकदा मजुरीचा दर काढून बघा. गायरान जमिनीवरच्या ताब्याचं काढा. स्मशानभूमीच्या रस्त्याचं काढा. भीमजयंतीची मिरवणूक मुख्य पेठेतून जाईल एवढं म्हणा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला मागासवर्गीयांसाठीचा 15 टक्के निधी गेल्या वर्षी कशावर खर्च झाला, एवढंच विचारा. खांद्यावरचा हात खाली येतो. मग त्या रात्री कुणीतरी घरी येतं. शत्रू नाही येत. बरं बोलणारा, अडीनडीला हातउसने देणारा माणूस येतो. दारात उभा राहूनच, आवाज खाली आणून सांगतो, 'पोराला समजावा. पोरगं हुशार आहे, पण... गावात राहायचंय ना?'

मित्रांनो, या तीन शब्दांचा नीट अर्थ लावा. यात शिवी नाही, जातीचं नाव नाही, हातात काठी नाही. पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं तर ठाणे अंमलदार हसेल. पण वस्तीतल्या प्रत्येक माणसाला त्याचा तर्जुमा तोंडपाठ आहे. उद्यापासून किराणा दुकानात उधारी बंद. पिठाच्या गिरणीत दळण मागं. रानात काम नाही, ट्रॅक्टर भाड्यानं नाही, बांधावरून वाट नाही, बायकांना शेताकडं जाऊ देणार नाही, शेळ्या चरायला जागा नाही. गोड शेजारी येऊन सांगतो ती बहिष्काराची नोटीस असते, फक्त तिच्यावर सही-शिक्का नसतो.

हेही नवं नाही. मुंबई सरकारनं 1928 मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सभासद होते. त्या समितीच्या 1930 च्या अहवालात हेच लिहिलेलं आहे. अस्पृश्यांनी हक्क बजावला की गावकरी कसलेली जमीन काढून घेतात, काम बंद करतात, नेहमीच्या वाटा अडवतात, वाण्याला माल विकू देत नाहीत. आणि कारणं काय? चांगले कपडे घातले, जमीन विकत घेतली, नवरदेव घोड्यावरून रस्त्यानं नेला. 1930 चा अहवाल समोर ठेवा आणि परवाच्या वर्तमानपत्रातली घोड्यावरच्या नवरदेवाची बातमी शेजारी ठेवा. तारीख झाकली तर कुठला मजकूर कधीचा हे ओळखता येणार नाही.

आणि शेजार खरोखर कसोटीला लागला तेव्हा काय झालं? 29 सप्टेंबर 2006, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं भर गावात मारली गेली. गाव मोठं नव्हतं. सगळे सगळ्यांना ओळखत होते, रोजचा येण्या-जाण्याचा रस्ता एक होता. त्या संध्याकाळी एकही दार त्यांच्यासाठी उघडलं नाही. पुढं भंडाऱ्याच्या न्यायालयानं 2008 मध्ये आरोपींना शिक्षा दिल्या, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. 28 एप्रिल 2014, खर्डा. सवर्ण मुलीशी बोलतो या रागातून शाळकरी पोराला मारल्याचा आरोप होता. 2017 मध्ये सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार फिरले. हे साक्षीदार काही परदेशातून आलेले नव्हते. गावातलेच होते. त्यांनाही गावातच राहायचं होतं!

म्हणून बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याला अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयतेचं डबकं म्हटलं, तेव्हा ते शहरी माणसाचं नाक मुरडणं नव्हतं. इंग्रज अधिकारी मेटकाफनं भारतीय खेड्यांना छोटी प्रजासत्ताकं म्हणून गौरवलं आणि आपल्याकडचे विद्वान ते शंभर वर्षं घोकत बसले. बाबासाहेबांनी विचारलं ते एवढंच, की या प्रजासत्ताकात आमची जागा कुठं होती? म्हणूनच संविधानानं घटक मानला तो व्यक्तीला, गावाला नाही. त्याआधी 1942 च्या नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांची मागणी झाली आणि 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यासाठी वसाहत आयोगाची योजनाच मांडली गेली. आज ही मागणी आपण विसरलो आहोत. पण तिच्यामागचा हिशेब विसरून चालणार नाही. ज्याची भाकरी ज्याच्या हातात, तो त्याच्याशी बरोबरीनं बोलू शकत नाही. आधी भाकरी सोडवा, मग गप्पा आपोआप बरोबरीच्या होतील. महारवतनाविरुद्ध 1928 मध्ये कायदेमंडळात बिल आणण्यामागं हेच होतं. वतनाची चार गुंठे जमीन म्हणजे गावाच्या दारात आयुष्यभर हात पसरून उभं राहण्याचा करार होता.

'बदल झालाय हे तरी मान्य करा,' असं कुणी म्हणेल. मान्य आहे. पण तो गावाच्या मनाचा मोठेपणा म्हणून झाला नाही. नळ आला म्हणून पाणवठ्यावरची अडवणूक कमी झाली. कारखान्यात, मुंबईत, आखाती देशात काम मिळालं म्हणून काही घरांचा मालक सुटला. 73 व्या घटनादुरुस्तीनं राखीव जागा दिल्या म्हणून आपली बाई सरपंचाच्या खुर्चीवर बसली. कायदा, शिक्षण आणि बाहेरची मजुरी या तीन वाटांनी बदल आला. गावानं स्वतःहून उघडलेली चौथी वाट कुणाला माहीत असेल तर जरूर दाखवावी.

आता एक प्रश्न आपल्याच वस्तीला. बौद्ध वस्ती आणि मातंग वस्ती यांच्यात अनेक गावांत एक गल्ली असते. त्या गल्लीच्या पलीकडं आपल्या घरची वाटी जाते का? तिकडच्या म्हाताऱ्याला आपली पोरं 'आबा' म्हणतात का? गावाबाहेर पालं ठोकून राहणाऱ्या पारध्याच्या घरी आपण कधी चहा प्यायलो का? पाटलाच्या 'रं'चा राग येतो आणि आपल्या तोंडातला 'रं' ऐकू येत नाही, असं असेल तर आपण जातिव्यवस्था सोडली नाही, फक्त तिच्यातली पायरी बदलून मागतोय. बाबासाहेबांनी मागितलेली बंधुता ही वरच्याकडून मिळवायची आणि खालच्याला नाकारायची वस्तू नाही.

मग करायचं काय? भाषणं पुरे, चार कामं सांगतो.

पहिलं, वस्तीतल्या थोरांना आपण आधी 'अहो' म्हणू, आणि दुसऱ्या कुणी 'रं' म्हटलं तर तिथल्या तिथं, शांतपणे सांगू, 'त्यांचं नाव घ्या, अहो म्हणा.' भांडण नको, पण सवड देणंही नको.

दुसरं, ओसरीवर बसून काहीही मिटवायचं नाही. लोकांच्या नजरेसमोर जातिवाचक शिवी दिली तर तो अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं आणि त्याची धमकी देणं, हाही 2015 च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे. मात्र चार भिंतींच्या आत, कुणी पाहणारं नसताना केलेला अपमान या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सांगितलं आहे. म्हणून तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. साक्षीदाराला संरक्षण मागण्याचा हक्क याच कायद्याच्या कलम 15 अ मध्ये आहे. तो वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवा.

तिसरं, पारावर जे विचारता येत नाही ते ग्रामसभेत विचारा. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला दहा जण जा, निम्म्या बाया असू द्या, 15 टक्के निधीचा प्रश्न लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नका. पारावर बोलण्याची परवानगी लागते, ग्रामसभेत बोलण्याचा हक्क असतो.

चौथं, शहरात गेलेल्यांसाठी. गावाकडच्या एखाद्या घरावर बहिष्कार पडला तर निषेधाच्या पोस्टनं त्यांची चूल पेटत नाही. महिन्याचा किराणा, वकिलाची फी, पोरांच्या शिक्षणाची सोय, एवढं वर्गणीतून उभं करा. 'गावात राहायचंय ना?' या प्रश्नाला 'हो, राहायचंय, आणि मान वर करून राहायचंय' असं उत्तर देणाऱ्या घरामागं शंभर घरं उभी आहेत हे गावाला दिसलं, की तो प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज आपोआप बसतो.

गाव आपलंही आहे. त्याच्या शिवारात आपल्या पिढ्यांचा घाम जिरला आहे. म्हणून गाव सोडा असं मी म्हणत नाही आणि गावाचे गोडवे गा असंही म्हणत नाही. शेजार हवा असेल तर तो बरोबरीचा हवा. तोवर त्याला शेजार म्हणू नका.

जय भीम!