हाडाची खादाड

दांडीच्या किनाऱ्यावर पहाटे जाऊन रापण ओढायला हात लावायचा, हा आमचा मालवणचा वीकेण्ड प्लॅन! पाचव्या मिनिटाला माझे खांदे गेले. शेजारचे साठीतले आजोबा मात्र दोर धरून आरामात मागे मागे सरकत होते. घरी येऊन चार घावणे हाणले आणि पाचव्यासाठी ताट पुढे केलं, तेव्हा मामी हसली. ‘मुंबयत दिवसभर बसान असतंस, मगे तुका इतकी भूक कशी लागता गे?’

‘मी हाडाची खादाड आहे मामी,’ मी म्हटलं. पण प्रश्न टोचला. गेल्याच महिन्यात ऑफिसच्या चेक-अपमध्ये माझी शुगर बॉर्डरवर आलीये.

आणि गंमत म्हणजे, भुकेचा हाडाशी खरंच संबंध आहे! आपण हाडांना शरीराचा हँगर समजतो. पण 2007 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या जेरार्ड कार्सेंटींच्या टीमने उंदरांमध्ये दाखवलं, की हाडांतून निघणारं ऑस्टिओकॅल्सिन हे हार्मोन इन्सुलिन वाढवायला मदत करतं. 2017 मध्ये तिथल्याच स्टाव्ह्रूला कूस्टेनींच्या टीमला दुसरं सापडलं, लिपोकॅलिन-2. उंदीर जेवला की हाडं ते रक्तात सोडतात आणि ते मेंदूला सांगतं, ‘आता पुरे!’ अर्थात वाद आहेतच. ऑस्टिओकॅल्सिनचा हा परिणाम 2020 मधल्या दोन प्रयोगांत उंदरांमध्ये दिसलाच नाही.

मला पटला तो स्वीडनमधल्या गॉथेनबर्गचा फंडा. 2018 मध्ये तिथल्या संशोधकांनी उंदरांच्या पोटात वजनं बसवली. उंदीर कमी खायला लागले, बारीक झाले. हाडांतल्या ऑस्टिओसाइट पेशी कमी केल्यावर मात्र हा परिणाम गायब! मग 2020 मध्ये लठ्ठ माणसांना स्वतःच्या वजनाच्या 11 टक्के भाराचं जॅकेट रोज 8 तास, 3 आठवडे घालायला दिलं. साधारण दीड किलो उतरलं. त्यांचा अंदाज असा, की हाडांत एक वजनकाटा असतो. पायांवर भार आला की तो मेंदूला कळवतो, ‘भरपूर झालं, खाणं आवर.’ आपण बसलो की भार खुर्ची घेते आणि काटा गप्प!

म्हणजे मामीचा प्रश्नच उलटा होता. बसून राहते, म्हणून तर भूक आवरत नसेल? आजवर मी प्रत्येक जादा घावण्यासाठी स्वतःच्या कमकुवत मनाला शिव्या घालत आले.

अंदाज अजून पक्का सिद्ध झालेला नाही, तेव्हा उद्याच दगड भरलेली सॅक पाठीला लावू नका. गुडघे आणि कंबर ओरडतील! शुगरसाठी डॉक्टर आहेतच. पण उभं राहायला कोणाची चिठ्ठी लागते?

सोमवारी ऑफिसचे सगळे कॉल मी उभ्याने घेतले. शेजारचा म्हणाला, ‘काय गं, खुर्ची मोडली?’

म्हटलं, ‘नाही रे, हाडांना माझं वजन कळवतेय.’