नवव्या फेरीच्या आधी

ओलेक्सांद्र उसिक आणि टायसन फ्युरी यांच्या १८ मे २०२४ च्या रियाधमधल्या लढतीचा विषय निघाला की प्रत्येकजण नवव्या फेरीवर येऊन थांबतो. साहजिकच आहे. उसिकचा डावा ठोसा बसला, फ्युरी या दोरावरून त्या दोरावर आपटत गेला, केवळ दोरांमुळे तो उभा आहे असे पाहून रेफ्री मार्क नेल्सन यांनी आकडे मोजले आणि थोड्याच वेळात घंटेने त्याला वाचवले. त्या मोजणीचे मोल गुणपत्रिकांवरून कळते. दोन पंचांनी उसिकला ११५-११२ आणि ११४-११३ असा कौल दिला, तिसऱ्याने फ्युरीला ११४-११३. ती फेरी १०-८ ऐवजी १०-९ अशी गेली असती, तर उसिकच्या बाजूचे एक कार्ड ११४-११४ झाले असते आणि लढत बरोबरीत सुटली असती. लेनॉक्स लुइसनंतर हेवीवेटचा पहिला निर्विवाद जगज्जेता त्या रात्री ठरलाच नसता.

तरीही आपल्या वाचकांना, म्हणजे रोज पहाटे हॉल उघडणाऱ्या प्रशिक्षकांना, आमची विनंती आहे की नववी फेरी बाजूला ठेवा आणि चौथी ते सातवी पुन्हा पाहा. त्या फेऱ्यांत उसिक मार खात होता. फ्युरीचा अपरकट पोटात आणि हनुवटीखाली सारखा लागत होता, फ्युरी हसत होता, हात खाली सोडून चिडवत होता. उसिकने हे सारे मुद्दाम होऊ दिले, असे सांगणारे भक्त बरेच भेटतात. आम्हाला ते पटत नाही. ६ फूट ९ इंचांच्या माणसाचा अपरकट कोणी योजनेचा भाग म्हणून खात नाही. पाहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. मार बसत असतानाही उसिकच्या पायांचे काम एकदाही थांबले नाही. फेरी हातातून जात होती, तरी अर्धे पाऊल पुढे, खांद्याची हूल, जॅब, बाजूला सरकणे हा क्रम चालूच होता. आमच्या मते उसिकचे खरे काम दोन ठोशांच्या मधे होते, आणि त्या मधल्या वेळेचा सराव आपल्याकडे जवळजवळ होतच नाही.

आधी मापे समोर ठेवू. उंची फ्युरीची २०६ सेंटिमीटर, उसिकची १९१. हातांची पोच २१६ आणि १९८. पहिल्या लढतीत वजन साधारण ११९ किलो विरुद्ध १०१ किलो. कागदावर पाहता लहान माणसाने लांब राहावे, आत शिरावे, मारून पळावे, असे कोणीही सांगेल. उसिकने बहुतेक वेळ उलटे केले. लहान असून तोच पुढे चालत राहिला आणि मोठ्या माणसाला मागे पाय टाकायला लावले. मागे जाताना वजनाचा ठोसा मारता येत नाही, एवढाच त्याचा हिशेब नव्हता. मागे सरकणाऱ्या जड माणसाच्या मांड्या लवकर भरून येतात, आणि सहाव्या फेरीत जे दिसत नाही ते आठव्या-नवव्या फेरीत दिसू लागते. आठव्या फेरीत फ्युरीचे नाक रक्ताळले, ती या हिशेबाची पहिली वसुली होती.

आता पायांकडे येऊ. डावखुरा आणि उजवा समोरासमोर आले की आपण सगळे एकच सूचना देतो: पुढचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर ठेव. सूचना बरोबर आहे. डावखुऱ्याचा उजवा पाय बाहेर राहिला की त्याच्या सरळ डाव्या ठोशाला मधली वाट मोकळी मिळते आणि समोरच्याचा उजवा ठोसा त्याच्या खांद्यावरून निघून जातो. घोटाळा होतो तो ही सूचना मंत्रासारखी पाठ केल्यावर. दोघेही बाहेरच्या जागेसाठी गोल गोल फिरतात, तीन मिनिटे संपतात आणि कोणी काही मारत नाही. आपल्या राज्य स्पर्धांत हे दृश्य किती वेळा दिसते, हे वाचकांना सांगायला नको.

उसिक बाहेरची जागा घेतो, पण तिला चिकटून बसत नाही. समोरचा ती जागा रोखायला सरकला की हा पाय आत टाकतो, उजव्या हाताचा जॅब दोन्ही ग्लोव्ह्जच्या मधून घालतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. समोरच्याचा डावा पाय आता चुकीच्या दिशेला वळलेला असतो. त्याला पुन्हा उभे राहायला एक पाऊल लागते, आणि तेवढ्यात उसिक परत मारायच्या अंतरावर आलेला असतो. सप्टेंबर २०२१ मध्ये टॉटनहॅमच्या स्टेडियमवर अँथनी जोशुआचे नेमके असेच झाले. त्याचा उजवा हात जगातल्या सर्वांत भयंकर हातांपैकी एक होता, पण तो सोडायला पाय रोवावे लागतात आणि रोवलेल्या पायांसमोर उसिक थांबतच नव्हता. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांनी निकाल उसिकच्या बाजूने दिला: ११७-११२, ११६-११२, ११५-११३.

त्याचा पुढचा हातही नीट पाहावा. उजव्या हाताचे निम्मे जॅब लागावेत म्हणून टाकलेलेच नसतात. कधी तो हात समोरच्याच्या डाव्या ग्लोव्हवर टेकतो, कधी डोळ्यांसमोर नुसता हलतो, कधी छातीवर बसतो. उंच माणसाची छाती मोठी असते, जागची हलत नाही आणि तिचे रक्षण कोणी शिकवत नाही. फ्युरीचा जॅब ही त्याची सर्वांत मोठी भिंत, आणि त्या भिंतीला उसिकने डोक्याच्या हालचालीइतकाच या हाताने सुरुंग लावला.

मग हुलींचा मुद्दा. कबड्डीत मुरलेला चढाईपटू पाय टाकल्यासारखे करून बचावाची साखळी हलवतो, तसे उसिक गुडघ्याने, खांद्याने, कधी नुसत्या डोक्याने समोरच्याला हलवतो. प्रत्येक हुलीला समोरच्याने काहीतरी उत्तर द्यायचे असते. हात वर जातो, पाय मागे पडतो, श्वास अडतो. एका फेरीत असे वीस-तीस वेळा झाले की न लागलेल्या ठोशांनीही माणूस दमतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उसिकला उत्तरे पाठ होतात. या हुलीला हा कोणता हात उचलतो? नोव्हेंबर २०१८ मध्ये मँचेस्टरला टोनी बेल्यूविरुद्ध सात फेऱ्यांनंतर दोन पंचांच्या कार्डांवर उसिक मागे होता. आठव्या फेरीत डाव्या हाताने त्याने लढतच संपवली. वाचनाचे कष्ट आधीच झालेले होते.

हे सगळे कुठून आले याबद्दल फार दंतकथा आहेत. तो लहानपणी फुटबॉल खेळायचा, होपाक हे युक्रेनी लोकनृत्य त्याच्या पायांत आहे, हे खरे. त्याचा देशबंधू वासिल लोमाचेन्कोला वडिलांनी बॉक्सिंग थांबवून नाच शिकायला पाठवले होते, तेही खरे. म्हणून आपल्याकडे काही हॉलमध्ये जमिनीवर दोरीच्या शिड्या आल्या, टेनिसचे चेंडू आले. त्यांनी अपाय काही नाही. पण शिडीत समोर माणूस नसतो. उसिकच्या पायांचे मूळ आम्हाला शेकडो हौशी लढतींत दिसते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वच्छ लागलेल्या ठोशालाच गुण देणारी बटणांची पद्धत होती. उपांत्यपूर्व फेरीत त्याने आर्तुर बेतेरबियेव्हला १७-१३ असे आणि अंतिम सामन्यात क्लेमेंते रुसोला १४-११ असे हरवले. अशा चणचणीच्या हिशेबात लागून न घेता लावणे आणि लावून जागा सोडणे अंगवळणी पडते.

आणखी एक बाब, जिच्याकडे तंत्राची चर्चा करणारे दुर्लक्ष करतात. क्रूझरवेटची सगळी मोठी कामे त्याने दुसऱ्याच्या अंगणात केली. २०१६ मध्ये ग्दान्स्कला पोलंडचा ग्लोवात्स्की, २०१८ मध्ये रिगाला ब्रिएदिस, त्याच वर्षी मॉस्कोत गासिएव्ह, मग मँचेस्टर. परक्या प्रेक्षकांत जवळची फेरी पाहुण्याला मिळत नाही, म्हणून फेरी डोळ्यांत भरेल अशी जिंकावी लागते. रिंगचा मध्य आपल्याकडे ठेवणे, शेवटच्या तीस सेकंदांत हात वाढवणे, मारून झाल्यावर समोरच्याला पाठमोरा वळायला लावणे, या गोष्टी पंचांना दूरच्या खुर्चीवरूनही दिसतात. गासिएव्हसारखा पोटावर मारणारा जड माणूस बारा फेऱ्या पाय जुळवत राहिला आणि हरला, तो याच कारभारामुळे.

स्तुती पुरे. उसिकची उघडी जागा बरगड्यांखाली आहे आणि ती लपलेली नाही. जेद्दाहच्या दुसऱ्या लढतीत जोशुआ पोटावर उतरला तेव्हा सामना चुरशीचा झाला आणि निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये व्रोत्सवाफला दान्येल दुब्वाचा ठोसा पट्ट्याजवळ बसला. तो नियमबाह्य ठरला आणि उसिकला सावरायला जवळजवळ चार मिनिटे मिळाली. तो ठोसा खाली होता की नाही यावर आजही एकमत नाही. फ्युरीने चौथी ते सातवी फेरी घेतली तीही तिथूनच. सरळ, उंच उभा राहून पुढे चालणारा डावखुरा पोट उघडे टाकतो, ही त्या शैलीची किंमत आहे. आपल्या डावखुऱ्या मुलामुलींना उसिकच्या चित्रफिती दाखवताना कोपर किती वेळ अंगापासून सुटलेले असते, हेही दाखवले पाहिजे.

डिसेंबर २०२४ ची फ्युरीबरोबरची दुसरी लढत आम्हाला पहिलीपेक्षा अधिक शिकवणारी वाटते. कोणी कोलमडले नाही, आकडे मोजावे लागले नाहीत, आणि तिन्ही पंचांचे गुण सारखे: ११६-११२. म्हणजे तिघांच्याही मते आठ फेऱ्या उसिकच्या. फ्युरी या वेळी आणखी जड होऊन आला होता. पहिल्या वेळी जो अपरकट सहज लागत होता, त्याच्या टप्प्यात उसिक या वेळी कमी वेळ थांबला. मारल्यावर डोके त्याच जागी सोडून येण्याची सवय त्याने सात महिन्यांत मोडली. सदतिसाव्या वर्षी सवय मोडणारा खेळाडू दुर्मीळ आहे.

याचा आपल्या हॉलशी संबंध काय? पॅड धरून ‘वन-टू, हुक’ असे ओरडणारे आपण, आणि आज्ञेबरहुकूम मारणारी मुले. ठोसे सुंदर होतात. पण कधी मारायचे ते आपणच ठरवलेले असते, आणि ठोसा झाल्यावर मूल जागेवर उभे राहून पुढच्या आकड्याची वाट पाहते. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारखी साधने प्रत्येकाकडे नसतात, हे मान्य. पण यासाठी साधने लागतच नाहीत. पॅड धरणाऱ्याने तोंड बंद ठेवावे, चालत राहावे, आणि पॅड दाखवले तरच मारायला सांगावे. ठोसा झाल्यावर त्याच जागी सापडलेल्या मुलाला पॅडची टपली द्यावी. आठवड्यातला एक दिवस फक्त पुढच्या हाताचे स्पारिंग. दुसऱ्या दिवशी खडूने रिंग निम्मी आखून त्यात दोन मिनिटे, एकाने फक्त हुली द्यायच्या आणि दुसऱ्याने न हलता उभे राहायचा प्रयत्न करायचा.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती झाकून उपयोग नाही. उसिककडे बारा फेऱ्या असतात, आपल्या मुलांकडे तीन. बेल्यूसमोर जसे सात फेऱ्या वाचत बसला तसे इथे बसले, तर वाचून होईपर्यंत निकाल लागलेला असेल. त्यामुळे वाचन पहिल्या फेरीच्या पहिल्या मिनिटात उरकावे लागेल आणि पहिल्या विश्रांतीत स्टुलावर बसलेल्या मुलाला प्रशिक्षकाने ‘हात वर ठेव’ याखेरीज काही विचारावे लागेल. तुझ्या हुलीला तो कोणता पाय मागे टाकतो? तुझा जॅब अडवताना त्याचा कोणता हात सुटतो? मुलाकडे उत्तर नसेल, तर दुसऱ्या फेरीतली पहिली वीस सेकंदे ते उत्तर शोधण्यासाठीच द्यावी लागतील, मग त्यात एखादा ठोसा खावा लागला तरी.