*सल्ला फुकट, मग पैसे कोण देतं?*



आज पीकसल्ला नाही. पैशाबद्दल थोडं स्पष्ट बोलायचंय.

माल विकून चार पैसे खात्यात आले की मोबाईलवर शेअर, ऑप्शन, कमोडिटी ट्रेडिंगचे व्हिडिओ खुणावतात. घरातली तरुण पोरं तर ते रोज बघतात. सांगणारा सुटाबुटात, मागे हिरवे-लाल आलेख, बोलणं ठाम, आणि सगळं फुकट. आमचं म्हणणं एवढंच: *सल्ला ऐकण्याआधी त्याचे पैसे कोण देतं ते बघा.*

औषध विकणारा दुकानदार "यंदा फवारणी नको" असं क्वचितच म्हणतो. त्याचं पोट विक्रीवर आहे. ट्रेडिंगच्या वाहिन्या आणि यूट्यूब चॅनलचंही तसंच. त्यांचा पैसा येतो ब्रोकर कंपन्यांच्या जाहिरातीतून, क्लासच्या फीमधून, व्हिडिओखालच्या "इथे खातं उघडा" लिंकवरच्या कमिशनमधून. तुमचा नफा होवो की तोटा, ब्रोकरला सौद्यामागे पैसे मिळतातच. म्हणून "आज काही करू नका, पैसे ठेवीत टाका" हे तिथं सहसा ऐकू येत नाही. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.

आता आकडे बघा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारातल्या फ्युचर-ऑप्शनचा हिशोब मांडला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ट्रेडिंग करणाऱ्या सामान्य माणसांपैकी १०० तल्या ९३ जणांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. दलाली आणि इतर खर्चापोटीच या लोकांनी सुमारे ५० हजार कोटी मोजले, त्यातले जवळपास निम्मे ब्रोकरकडे गेले. जाहिरातीला पैसा कुठून येतो, ते इथं कळतं.

टीव्हीवर बोलतो म्हणजे खरा, असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेबीने एका हिंदी अर्थवाहिनीवरच्या पाहुण्या तज्ज्ञांविरुद्ध अंतरिम आदेश काढला. आरोप असा, की शिफारस पडद्यावर येण्याआधीच काही जणांना कळायची. ते आधी शेअर घ्यायचे आणि प्रेक्षक खरेदीला धावले की विकून मोकळे व्हायचे. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?

शेतमालाच्या भावातही हेच चालतं. "सोयाबीन अमुक हजारावर जाणार, थांबा" म्हणणाऱ्याचा व्हिडिओ गावभर फिरतो, कारण आपल्याला तेच ऐकायचं असतं. "भाव पडतील" म्हणणाऱ्याला कोण बघतो? सोयाबीनचे वायदे सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि बंदीला मुदतवाढ देत राहिली. पुढच्या महिन्यांचा भाव दाखवणारा देशातला वायदाच नव्हता, तरी ठाम आकडा सांगणाऱ्यांचा तुटवडा कधी पडला नाही. चॅनलला बघणारे मिळाले, जाहिरात मिळाली. माल मात्र तुमच्या घरात पडून राहिला आणि व्याजही तुमच्याच डोक्यावर चढलं.

सगळेच खोटे, असं आम्ही म्हणत नाही. जाहिरात घेणं गुन्हा नाही, ती लपवणं वाईट.

आणि हाच प्रश्न आम्हालाही विचारा. आपली कंपनी बियाणं-खतं विकते, तुमचा माल घेते. एखादं औषध सुचवलं तर त्यात कंपनीला काय सुटतं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. तुम्ही भागधारक आहात, गिऱ्हाईक नाही.

*एवढं लक्षात ठेवा:*
✅ सल्ला देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा. गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'ने आणि संशोधन विश्लेषकाचा 'आयएनएच'ने सुरू होतो. सेबीच्या वेबसाइटवर नाव जुळवून बघा.
✅ "खात्रीचा नफा" म्हटलं की व्हिडिओ बंद करा.
✅ माल थांबवायचा की विकायचा, हे बाजार समितीतला आजचा दर, साठवणुकीचा खर्च आणि कर्जाचं व्याज एकत्र मांडून ठरवा.
✅ पीककर्ज आणि बियाण्याचा पैसा ट्रेडिंगला लावू नका.
✅ ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा. लाजू नका, उशीर करू नका.

हा मेसेज घरातल्या तरुण मुला-मुलींनाही वाचायला द्या.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌱